वीस अंश

हेडाऊ बर्फवाल्यानं विचारलं,
"आज येवढी मोठी लादी?
कोनाचं लग्न धुऊन राहिले सर?"

मी लगेच काही बोलले नाही.
नवतपाचा तिसरा दिवस.
कॉटन मार्केटच्या मागे आठ वाजताच डांबर मऊ,
आणि त्याचा लोखंडी आकडा लादीत रुतलेला.
दर मे महिन्यात मीच यायची इथं,
लुनाच्या पायदानावर पोत्यात गुंडाळलेली पाव लादी
गांधीबागेतून गरोबा मैदानापर्यंत
टपकत टपकत न्यायची.

डेव्हलपर वीस अंशाला लागतो.
नागपूर सत्तेचाळीसला असतं.
मधल्या सत्तावीस अंशांना
वैरागडे सर फोटोग्राफी म्हणायचे.
बाकी सगळं बटन.

डार्करूम म्हणजे मोरी.
खिडकीला काळं रेक्झिन, खुंटीवर लाल दिवा,
घमेल्यात बर्फ, बर्फात बाटल्या.
थर्मामीटर सोनकुसरेनं फोडला
आणि सरांनी नवा घेतलाच नाही.
"बोट घाल. बोटाले कळलं पाहिजे."
आम्ही सांगायचो, चोवीस. बावीस.
ते डोळे मिटून तपकिरी नखाचं बोट बुडवत:
"एकवीस. अजून एक खडा."

अकरा वर्षं रविवारच्या पुरवणीत लिहिलं त्यांनी,
राशिभविष्याच्या खाली.
झिरो माइलच्या घोड्यांच्या पोटाखाली
दुपारी दोनला किती उजेड उरतो,
यावर अख्खा लेख.
आणि एकदा:
"आपण मराठीत फोटो काढतो.
काटाही काढतो, दिवसही काढतो.
तिन्हीला घाई चालत नाही."

मग पुरवणी रंगीत झाली.
त्यांच्या चौकटीत बेसा रोडचे फ्लॅट आले.
सर लिहीतच राहिले, पाठकोऱ्या कागदांवर,
आणि शनिवारी आम्हाला वाचून दाखवायचे,
विरामचिन्हांसकट.
"इथं स्वल्पविराम," म्हणून थांबायचे
आणि आम्ही सगळे त्या स्वल्पविरामात
घाम पुसून घ्यायचो.

माझा पहिला फोटो फुटाळ्यावरचा सूर्यास्त होता.
त्यांनी तो उलटा केला
आणि पाठीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं: पावती.
"तू तिथं होती, याची. फोटो कुठं हाय?"
तीन महिने मी त्या गल्लीत पाय ठेवला नाही.
चौथ्या महिन्यात बर्फ घेऊन गेले.
त्यांनी दार उघडून फक्त विचारलं,
"भुसा झटकला का?"

हेडाऊला शेवटी सांगितलं.
शीतपेटी दुसऱ्या मयतीला गेलीय,
मुलगी हैदराबादहून निघालीय,
संध्याकाळ होईल.
त्यानं आकडा खाली ठेवला.
थोडा वेळ लादीकडेच बघत राहिला.
पैसे घेतले, पुरे घेतले,
मोजूनही घेतले.
मग आतून एक पाव लादी आणली,
वेगळ्या पोत्यात बांधली:
"हे डार्करूमचं."

घरी कूलर बंद होता.
बाई म्हणाल्या, आज आवाज नको.
खाटेखालच्या परातींतून पाणी सांडत होतं
आणि बरोबर मोरीकडे वाहत होतं.
तो उतार सरांनीच काढून घेतला होता,
ट्रे धुता यावेत म्हणून,
गवंड्याशी दोन दिवस भांडून.

पाव लादी मी घमेल्यात ठेवली,
रिकाम्या बाटल्यांच्या मधे.
कुणी विचारलं नाही.
बाहेर सोनकुसरे कात्रणं लावत बसला होता तारखेप्रमाणे,
चुकवत, पुन्हा लावत.

दुपारी हात धुवायला म्हणून आत गेले.
दार लोटून घेतलं.
लाल दिवा लावला, का ते माहीत नाही.
खडे सगळे विरघळले होते.
डोळे मिटून बोट घातलं.

एकोणीस.

थांबले.
बाहेर रिक्षा आल्याचा आवाज,
मुलीच्या चपलांचा आवाज.

वीस.