तीन बिड्यांचं गाणं

दुपारी दीडला दत्तनगरच्या आमच्या बोळात
मांडीवरची सुपं हलायची नाहीत, माना तेवढ्या वळायच्या.
मालिका मेक्सिकोची. माणसं हिंदीत भांडायची,
ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं.
सुरुवातीचं गाणं मात्र कुणी हिंदीत केलंच नव्हतं.
खर्च वाचवला असेल. बरं झालं.

आधी दोन ट्रंपेट, लग्नाच्या बँडसारखे,
जरा जास्त दुखावलेले.
मग गडी गायचा, गळा त्याच्या टोपीएवढा रुंद,
आणि मधेच सूर टाकून नुसती आरोळी:
आय-याय-याय
पेद्दम्मा म्हणायची, हा आपल्यातला.
मिल बंद पडली त्या दिवशी मामय्या
गेटवर असाच ओरडला होता,
फक्त मागं बाजा नव्हता.

गाणं तीन बिड्यांचं, हा तिचा हिशेब.
कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळ, दोरा, तोंड दुमड:
एक.
तिसरीच्या दोऱ्याला गाठ बसेतो
घोडा धुळीत दिसेनासा व्हायचा
आणि साबणाची जाहिरात यायची.

'कोरासोन' मध्ये तिला 'कूरा' ऐकू यायचा,
तेलुगूत कूरा म्हणजे भाजी.
म्हणून तिच्या गाण्यात वांगी आली,
मागोमाग शेंगांचं कूट.
त्यावर माझी धाकटी बहीण झोपायची. मीही.

एका सोमवारी मालिका लागलीच नाही.
नवरी मांडवात, दारात कुणाची तरी सावली,
आणि केबलवाल्यानं चॅनेलच काढून टाकलं.
अकरा बायका त्याच्या दुकानावर गेल्या.
तो म्हणाला, शेवट काय बिलात लिहिलाय का?

आता मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, पॅकिंगला.
वेराक्रुझचा माल असतो. तिथला रोहेलिओ
माझ्याइतकंच फाटकं इंग्रजी बोलतो, त्यामुळं जमतं.
एका रात्री कंटेनरचे कागद अडकले,
फोन चालूच होता, मी सहज गुणगुणलो.
पलीकडं सगळं गप्प.
मग अशी आरोळी आली
की वॉचमन टॉर्च घेऊन धावला.

त्याचा बाप त्या गाण्यात गिटार वाजवायला होता म्हणे.
लिहिणाऱ्याला गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती,
माप तेवढं दिलं: दीड मिनिट, एक घोडा, एक बाई, दगा पाहिजे.
दोन रात्रींत माल तयार.
चार ओळी छाट म्हणून परत आल्या.
आणि गाणं शापाचं.
तुला झोप न लागो, तुझ्या विहिरीला पाणी न लागो,
तुझं नाव पुसणारं गावात कुणी न उरो.
एवढं बोलून शेवटी म्हणतो,
दार मात्र ओढून घेतलेलं नाही.

पेद्दम्माला सांगितलं.
तिची बोटं आता इतकी गुळगुळीत
की रेशनच्या मशीनला ठसा सापडत नाही.
म्हणाली, शाप आहे ते कळत होतं की.
आशीर्वाद एवढ्या जोरात कोण देतं?
मग आम्हाला का गायचीस?
त्यात वांगी घातली होती ना मी.

थोड्या वेळानं:
त्या नवरीचं काय झालं, विचारलंस का?
विचारलं. त्यालाही आठवत नाही.
आणि लिहिणाऱ्याला?
त्याला तर कधीच ठाऊक नव्हतं.

हं, म्हणाली, आणि सूप पुढं ओढलं.
ट्रंपेट ती अजून नाकातून वाजवते.