टोकन एकशे चौदा

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
मागच्या जूनला नियम आले. सहा पानं,
पुढं कन्नड, मागं इंग्रजी.
कंपनीचा संगणक कंपनीच्या कामाला,
कंपनीची मेल कंपनीच्या पत्राला,
आणि इंटरनेटवर तुम्ही जे बघाल
ते कुणीतरी बघत असेल.
सही कुठल्या लिपीत करायची ते लिहिलं नव्हतं,
तेवढी आम्ही आपापली केली.

ते कुणीतरी म्हणजे मी.
जिन्याखालच्या खोलीत, जिथं पूर्वी
रिजेक्ट मालाची पोती असायची,
तिथं आता एक सर्व्हर, एक एसी आणि मी.
एसी सर्व्हरसाठी.

दर शनिवारी यादी काढायची.
कोण, कुठल्या मशीनवर, काय, किती मिनिटं,
आणि शेवटचा रकाना: कारण.
हिरेमठ साहेब तो वाचत नाहीत,
पण रिकामा ठेवलेला चालत नाही.

महिनाभरात मला सगळ्यांचं कळलं,
कळू नये तेवढं.
डिस्पॅचचा शिवानंद दुबईतल्या नोकऱ्या बघतो.
अकाउंट्सच्या बाई थायरॉइडबद्दल वाचतात,
पान बंद करतात, पुन्हा तेच उघडतात.
स्टोअरच्या मशीनवर कुणीतरी
गोकाकच्या एका मुलीचा फोटो मोठा करतं
आणि परत लहान करतं.
जेवायच्या सुट्टीत मी
डब्याकडं बघून जेवते.

आणि टोकन एकशे चौदा.
मोनाप्पा कुगजी, पॅटर्न शॉप, निवृत्तीला अकरा महिने.
रोज एक वाजून दहा मिनिटांनी, चार मिनिटं,
नकाशा.
उपग्रहावरून काढलेला, सगळं जग बघता येतं तसला.
हा बघायचा येळ्ळूरच्या शिवारातला एक तुकडा.
विहिरीचा काळा ठिपका, बांधावर एक झाड.
मी माझ्या पडद्यावर तेच उघडलं
तेव्हा ध्यानात आलं,
तिथून तर बायपास जातो.
मी रोज त्याच्यावरूनच स्कूटीनं येते.
पण आकाशातला फोटो जुना होता
आणि त्यात भात उभं होतं.

एकदा चहाच्या गाड्यावर विचारलं,
"मामा, मशीनवर काय बघूलासा रोज?"
"पाणी लागलंय काय बघतो गे," म्हणाला,
आणि बशीत चहा ओतला.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: मोजमाप.
अगदीच खोटं नव्हतं ते.
लाकडात दोऱ्याएवढी चूक पकडणारा माणूस,
बांध नजरेनं मोजतच असणार.

जानेवारीत एका सोमवारी
कुणी, कुठं बसून, तो फोटो बदलला.
भाताच्या जागी राखाडी पट्टा, त्यावर दोन ट्रक.
एकशे चौदा: सोमवारी चार मिनिटं.
मंगळवारी अर्धं.
बुधवारपासून काही नाही.

शनिवारी साहेब खूश.
सगळ्यांना मेल गेली,
पॅटर्न शॉपचा आदर्श घ्यावा.

त्या दिवशी सहानंतर मी थांबले.
नकाशाच्या कोपऱ्यात एक घड्याळ असतं,
दाबलं की वर्षं मागं सरकतात.
रस्त्याचा मुरूम झाला, मुरमाची रेघ झाली,
मग रेघही गेली.
विहीर वर आली.
कंपनीच्या प्रिंटरवर, कंपनीच्या कागदावर
एक प्रत काढली, रंगीत.
(कलम नऊ: रंगीत छपाईस लेखी परवानगी.)
सोमवारी सकाळी त्याच्या बाकावर
रंध्याखाली दाबून ठेवली.

दुपारी जिन्याखाली आला. कागद हातात.
दारातच उभा राहिला, एसीची हवा बाहेर जात राहिली.
"ही मसूर हाय," म्हणाला.
"भाताचा न्हाई काय गे?"

या शनिवारच्या यादीत पहिलं नाव माझं.
सर्व्हर रूम, सहा वीस ते साडेसात, नकाशा,
चार दिवस ओळीनं.
कारण अजून लिहिलेलं नाही.
रिकामं ठेवलेलं चालत नाही.