पंधरा मिनिटांचा तक्ता

रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत
दर पंधरा मिनिटांनी एक खूण.
झोपलेत. झोपलेत. जागे, भिंतीकडे तोंड.
जागे.
एका रात्रीच्या चाळीस खुणा होतात.

कीथ गार्बट, वय अठ्ठावन्न, राहणार हल.
दाखल करताना मीच काढून घेतल्या
त्यांच्या बुटांच्या नाड्या
आणि त्याच हातांनी मनगटाची नाडी धरली.
आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द,
त्या दिवशी पहिल्यांदा खटकला.
पाकिटावर नाव लिहिलं.
"शेवटी दोन टी," ते म्हणाले, "सगळे एकच लिहितात."
ज्याला नावातला दुसरा टी अजून हवाय
त्याच्यात कुठेतरी...
पण हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.

शेजारच्या काकू म्हणायच्या, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये,
वास्तू तथास्तु म्हणते.
इथे मला पगार मिळतो तेच विचारण्याचा.
"आज मरावंसं वाटतंय का, कीथ?
आणि चहात साखर किती?"
"वाटतंय," ते म्हणाले. "दीड."
पहिलं वर्षभर या प्रश्नावर जीभ अडखळायची.
आता नाही अडखळत,
त्याचीच कधीकधी भीती वाटते.

मार्चमध्ये सात नंबरला मेलिसा होती.
बावीस वर्षांची.
तिच्या तक्त्यावर माझी शेवटची खूण अडीचची, अक्षर नीट.
चौकशीत तीन माणसांनी तीनदा सांगितलं,
सिस्टर, तुमच्या खुणा बरोबर होत्या.
बरोबर होत्या.
अजूनही पावणेतीनला मी सातच्या दारापाशी थांबते.
आत आता दुसरंच कोणी घोरत असतं.

तीनच्या सुमाराला कीथ भिंतीशीच बोलायला लागले.
जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडल्या.
या शहरातले फोनबूथ लाल नाहीत, सायीच्या रंगाचे.
"लोकांना वाटतं फोन बोलायला असतो.
रात्री कुणी नुसताच उचलतं.
कानाला टोन लागला, की ठेवून देतं.
मी असल्यांसाठी खांबावर चढायचो."
मी खुर्ची जरा पुढे ओढली.
त्या वेळची खूण चार मिनिटं उशिरा झाली,
कारणापुढे काहीच लिहिलं नाही.

सातला निघताना तोंडातून मराठीच निघालं, येते.
त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी.

बसथांब्याजवळच्या बूथमध्ये शिरले.
चिप्सचा कागद, व्हिनेगरचा वास,
काचेला हंबरवरून आलेलं धुकं.
रिसीव्हर उचलला. मुका.
ठेवला, पुन्हा उचलला.

कोपऱ्यावरचा बूथ, बेकरीसमोरचा.
तार कुठे तुटली असेल
ते मला कसं कळणार, तुम्हालाच विचारावं लागेल.
रात्री नऊ वाजता येते आहे, कीथ.
दोन टी. दीड चमचा.
नऊ वाजता.