गुंजभर

ज्येष्ठात जैतापूरचं बंदर मिटलं तेव्हा
कपाटात क्विनीन सात तोळे,
एरंडेल दीड बरणी, कार्बोलिक तळाशी,
आणि जळवा. त्या मी तळीतून आणतो,
त्यांना मुंबई लागत नाही.

तराजूतलं सगळ्यांत धाकटं वजन
आषाढात फळीच्या फटीत गेलं.
मग कुंपणावरून मीच गुंजा वेचल्या.
एक गुंज म्हणजे दोन ग्रेनला जराशी कमी.
"तेवढं आजाऱ्यानं सोसावं," वाकणकर डॉक्टर म्हणाले,
वहीत मात्र दोनच लिहायला लावले.

औषधाला लोक करवंटी आणतात.
इसूफ दालद्यानं शंख आणला होता,
मिक्श्चर ओतून तोंडाला केळीचं पान बांधून दिलं.

श्रावण लागला आणि पुडीतली पूड
पांढरी राहिली नाही.
काडेचिराईत कुटून घातलं. कडू ते कडूच.
ताप कुणाचा उतरला, कुणाचा नाही.
इसूफची धाकटी गेली.
तिच्या नावापुढे दोन ग्रेन आहेत,
अक्षर माझं.

नारळी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी पडाव लागला.
पेटी फोडली: ओला भुसा,
आणि बुचं. दोनशे बुचं.
आमच्या यादीत क्विनीनच्या खालची ओळ ती.
डॉक्टर बराच वेळ भुशात हात घालून उभे.
मग म्हणाले, "जमा कर."

तिन्हीसांजेला इसूफ आला,
जाळ्याला म्हणून चार बुचं मागितली.
पैसे देत होता. घेतले नाहीत.
वहीत अजून दोनशेच आहेत.