उलटतपासणी

तळपदे बाई म्हणाल्या,
पंचनामा पायांनी वाचायचा.
म्हणून रात्री साडेदहाला
माझगावच्या त्या गल्लीत
इस्त्रीच्या टपरीपासून नळापर्यंत
मोजली मी बेचाळीस पावलं.
धाकट्या भावाला नळाशी उभं केलं.
टपरीतून त्याची जांभईसुद्धा दिसली.

सकाळी साक्षीदार पिंजऱ्यात.
मनगटावर इस्त्रीचा जुना चटका.
खरं सांगेन म्हणताना
माझ्याकडेच बघत होता.

वहीत सत्तावीस प्रश्न.
उजेडाचा तेवढा
रात्रीच खोडलेला.

साहेबांनी पेन उचललं. "हं, विचारा."
बाई फाइलीतून वर बघेनात.

"इस्त्री फिरवताना
मान खालीच असते ना तुमची?"

तो थांबला.
"असते."

मी बसले. बाईंनी
पाण्याची बाटली सरकवली.
झाकण उघडेना.
भाऊ अजून नळाशी उभा,
जांभई देत,
स्पष्ट.