हाड

मंगळवारी साडेदहाला रमला येते.
लिफ्टमधून आधी नखांचा आवाज,
मग दालियाचे बूट.
गळ्यात पट्टा, पट्ट्याला आमच्यासारखंच
फोटोचं ओळखपत्र.
फोटोत डावा कान नाही.
तो खोर खुवैरच्या खाणीत राहिला,
दगडाच्या ट्रकखाली, की कुणी भिरकावलेल्या दगडाखाली,
दालिया सांगत नाही.

रास अल खैमातलं आमचं हाडांचं हॉस्पिटल.
या खिडकीतून डोंगर दिसतो, रोज थोडा कमी.
त्या खिडकीतून समुद्र, भराव घालून रोज थोडा लांब.
मधे आम्ही,
जोडत बसलेले.

सहा नंबरला निजामुद्दीन साखरकर,
रत्नागिरीकडचे, जहाजदुरुस्तीच्या परांचीवरून पडलेले.
मांडी तीन ठिकाणी, खुबा एका.
जिभेच्या तपासात काही सापडलं नाही,
तरी सतरा दिवस शब्द नाही.
मी मुद्दाम मराठीतून विचारायची:
दुखतंय? पाणी देऊ? घरी फोन लावू?
ते एसीच्या जाळीकडे बघत राहायचे.
सव्वीस वर्षं हाडांची काडं केली
आणि आता त्या काड्यांना स्क्रू.

कुत्रा चालेल का, या रकान्यात
त्यांच्या मुलानं फोनवरून 'नाही' लिहायला सांगितलेलं.
म्हणून दालिया सहा नंबर टाळून
सरळ सातकडे निघालेली.
रमलाच थांबली.
वजनं लटकावलेल्या त्या पायाकडे बघत
उभीच राहिली.

"हाड!"

स्पष्ट. 'ड' पूर्ण वाजला.
माझ्या हातातला ट्रे तसाच.
हा शब्द मी अंगणात ऐकला, बाजारात ऐकला,
एजंटच्या ऑफिसबाहेर रांगेत असताना
त्यानं उच्चारला नाही तरी ऐकला.

रमलाला अरबी तीन शब्द कळतात, इंग्रजी आठ,
बिस्किटासाठी फिलिपिनो एक.
मराठी एकही नाही.
मराठीतून तिला कुणी दगड मारलेला नाही.

तिनं उरलेला कान उभा केला.
दोन पावलं पुढे आली.
बसली.

डॉक्टर हैथम धावत आले, काय बोलले, काय बोलले?
फाइलमध्ये लिहायचं होतं, इंग्रजीत.
अस्थी, असं लिहू?
चालती हो, असं लिहू?
पण ती तर आली होती.
मी म्हटलं, कुत्रीला बोलावतायत.

साखरकरांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच.
बारा वर्षांच्या नोकरीत
मी पेशंटच्या फाइलमध्ये खोटं लिहिलं नव्हतं.
मग ते रमलाकडे वळले आणि म्हणाले,
"हाड गो."
हळू. चाचपून बघितल्यासारखं.
तिनं शेपूट फरशीवर आपटलं.
त्यांचं पोट हललं, खाट हलली,
पायाची वजनं एकमेकांवर वाजली,
आणि दुखलं म्हणून शिवी आली,
अस्सल किनाऱ्यावरची, मी ती लिहिली नाही.

पुढच्या मंगळवारी चादरीची घडी मधे ठेवून
त्यावर हात.
"काय गो, जेवलीस काय?"
ती निघाली की तसराळं मागायचे,
कोपरापर्यंत हात धुवायचे,
"तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे" म्हणायचे,
आणि पुसता पुसता विचारायचे,
मंगळवार कधी?

ते गेले जूनच्या विमानानं, चाकाच्या खुर्चीतून,
कंपनीनं हिशेबात चार महिने कमी धरून.
निरोपाचा दिवस सोमवार होता.

आता सहाला सिल्हेटचा एक पोरगा आहे, बडबड्या,
कुत्रा चालेल, मांजर चालेल, सगळं चालेल म्हणणारा.
रमला त्याच्याकडे जाते, लाड करून घेते.
पण आधी खाटेच्या पायथ्याशी थांबते,
कान उभा करून.

दालिया फोनवर असते.
मी इकडेतिकडे बघते,
औषधांची गाडी पुढे ढकलल्यासारखं करते
आणि हळूच म्हणते.