एकतिसावा कोपर

जुबैलच्या यार्डात पहाटे साडेतीनला मोजणी.
त्या वेळी लोखंडाला हात लावता येतो.
नंतर ऊन हातमोज्यातून आत शिरतं
आणि गेजखालची जेल तव्यावरच्या तेलासारखी पळते.

काल आलेली पेटी फोडली. चाळीस नग.
कागदावर एल्बो, तोंडानं सगळे एल्बोच म्हणतात,
पण एकटा मोजत असलो की मला कोपर सुचतं.
सहा इंची, नव्वद अंशाचे, लाँग रेडियस :
म्हणजे वळायचं, पण घाईनं नाही,
व्यासाच्या दीडपट लांबून वळायचं.
मध्यापासून तोंडापर्यंत दोनशे एकोणतीस मिलिमीटर,
दोन अधिक, दोन उणे माफ.
कडेचा उतार साडेसदतीस अंश, तिथेही अडीच अंशांची सूट.
पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं,
हे लिहिणारा नक्की शिंपी असणार.
गडहिंग्लजला आण्णा असंच कापड बेतायचे,
अंगाच्या मापावर दोन बोटं माया सोडून.
पोरगं वाढतं, म्हणायचे. धुतल्यावर कापड आटतं.

भिंतीची जाडी सात पूर्णांक अकरा.
साडेबारा टक्के उणी चालते.
म्हणजे सहा पूर्णांक बावीस.
त्याखाली माया संपते.

एकतिसाव्याच्या पाठीवर गेज ठेवला :
सहा पूर्णांक शून्य आठ.
पुसला, पुन्हा ठेवला. शून्य सात.
पाइप वाकवताना पोट दाटतं, पाठ ताणली जाते;
वळणाची किंमत नेहमी बाहेरची बाजू देते.
हीट नंबर स्वच्छ, सर्टिफिकेट जुळतंय,
रंग तर असा की शोकेसमध्ये ठेवावा.

वर्गीस धावत आला. एकच तर आहे.
लाइन आज बंद करायचीय, क्लायंट दुपारी येतोय,
एका केसाचं अंतर, कोण बघतंय?
मी काही बोललो नाही. लाल पट्टी शोधत राहिलो.
ती नेमकी अशा वेळी सापडत नाही.

तिसेकरचाचा शेजारी थर्मास उघडून बसले होते.
हर्णैचे. एकतीस वर्षं इथल्या पायपा जोडतायत,
पुढच्या महिन्यात कायमचे जाणार.
त्यांचा उजवा कोपर लहानपणी होडीवरून पडून मोडला,
गावच्या हाडवैद्यानं बांधला तो तसाच, वाकडा.
कधी पुरता सरळ झाला नाही.
तोच गुडघ्यावर टेकून ते असा रूट मारतात
की फिल्म उजेडावर धरली तर
एकसारखी रेघ, कुठे तीळ नाही.
मी लाल पट्टी चिकटवली, तेव्हा त्यांनी स्वतःचा हात पुढे केला :
"मग हिकडं पण चिकटव. मी तर कधीच बसलो नाही मापात."
वर्गीससुद्धा हसला. मग फोनवर कुणाला तरी शिव्या देत निघून गेला.

दहाच्या सुमारास बत्तिसावा लागला.
पाइप आणि एल्बो समोरासमोर,
मी सवयीनं म्हणालो, अजून जवळ घ्या.
"नको," म्हणाले. "भिडवलंस तर आग आत जात नाही.
वरून दिसतं जुळलेलं, मुळात कोरडं."
आणि खिशातली वाकवलेली तार मधे सरकवली,
तीन मिलिमीटरची, वापरून काळी पडलेली.
तेवढी फट राखून त्यांनी चार टाके घातले,
तार काढली,
चष्म्यावर काच ओढली.

मी तोंड फिरवलं. आर्कचा उजेड
समोरच्या कंटेनरवर थरथरत होता.
बायकोचा काल रात्रीचा मेसेज अजून उघडला नव्हता.

एकतिसावा कोपर दुरुस्त होत नाही.
तो आता आमच्या केबिनच्या दाराशी असतो,
शमाल सुटला की दार आपटू नये म्हणून.
दोनशे एकोणतीस मिलिमीटर. तेवढं बरोबर भरतं.

जाताना चाचांनी तार माझ्या हातावर ठेवली.
माप नाही घेतलं तिचं.